तजुर्बा

दोन वर्षांपूर्वीपर्यंत रात्री दोन-अडीचच्या सुमाराला आमच्या मोरीतला नळ सुरू व्हायचा. घड्याळ बघायची गरज नसे. अब्बा उठलेले असायचे. बादलीत गार पाणी घेऊन ते स्टुलावर बसत आणि दोन्ही पाय त्यात सोडत. "तळव्यांना आग लागलीय," एवढंच म्हणत. चादर पावलांना लागली तरी त्यांना कळ यायची, म्हणून जानेवारीतसुद्धा त्यांचे पाय उघडेच असत. कधी मुंग्या, कधी टाचण्या टोचल्यासारखं, कधी घोट्यापासून खाली विजेचा झटका. आणि ज्या पायांना चादरीचा भार सोसत नव्हता, त्याच पायांतून चप्पल कधी निसटली हे त्यांना कळत नसे. ती मागे राहायची आणि अब्बा पुढे.

अब्बा बेस्टमध्ये कंडक्टर होते. खेड तालुक्यातल्या आमच्या गावाहून ते मुंबईला आले ते थेट जोगेश्वरीत, आणि एकतीस वर्षं त्यांनी उभ्याने तिकिटं फाडली. "मुंबईतला एकेक खड्डा माझ्या टाचेला पाठ आहे," असं ते पाहुण्यांना सांगत. निवृत्तीच्या वेळी भाऊ कुवेतला गेलेला होता, मी उर्दू माध्यमाच्या शाळेत लागले होते आणि बेहरामबागेतल्या दोन खोल्यांचं कर्ज फिटलं होतं. आता एकच काम बाकी, असं ते म्हणायचे. हज.

साखरेचा आजार निघाला तो २००६ साली. आमच्या गल्लीत ही काही मोठी बातमी नव्हती. आमच्याकडे पाहुण्याला चहा घेणार का असं कुणी विचारत नाही, साखरेचा की बिनसाखरेचा, एवढंच विचारतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचा अहवाल २०२३ साली आला, त्यात देशातल्या मधुमेहींचा आकडा दहा कोटींच्या वर होता. तो वाचून मला आश्चर्य वाटलं नाही. आमच्या एका मजल्यावर चार घरं आहेत आणि तीन घरांत ती गोळी आहे.

पायांचं दुखणं मात्र उशिरा आलं. आमच्या डॉक्टरांनी ते सोप्या शब्दांत समजावलं होतं. शरीरातले सगळ्यात लांब मज्जातंतू कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जातात. म्हणजे जवळजवळ मीटरभर. रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की या तंतूंना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या खराब होतात आणि तंतूही आतून झिजतात. जो सगळ्यात लांब, तो आधी जातो. म्हणून सुरुवात बोटांच्या टोकांपासून होते आणि मोजा चढवावा तसं दुखणं वर सरकतं. डॉक्टरांनी रात्रीची गोळी दिली. आग थोडी कमी झाली, पण दिवसभर डोळ्यांवर झापड. दुपारच्या जेवणाला बसल्या बसल्या अब्बा पेंगायचे. पंधरा दिवसांनी त्यांनी ती गोळी आपल्या मनाने बंद केली आणि आम्हाला सांगितलंही नाही.

"या पायांनी मी तवाफ कसा करणार?" हे मात्र ते रोज विचारत. काबागृहाभोवती सात फेरे, मग सफा आणि मरवा यांच्यामध्ये सात खेपा, त्याच सुमारे तीन किलोमीटर होतात. एकतीस वर्षं चालत्या बसमध्ये उभा राहिलेला माणूस तीन किलोमीटरांना घाबरत होता.

अशातच एका जुम्म्याला ते नमाजहून एक पत्रक घेऊन आले. मशिदीबाहेर कुणीतरी वाटत होतं. एका बाजूला उर्दू, एका बाजूला हिंदी. शुगरने खराब झालेल्या नसांवर जडसे इलाज, ऑपरेशन नाही, तुमच्याच शरीरातल्या स्टेम सेलनी. अब्बांनी पत्रकाची घडी घालून ते बँकेच्या पासबुकात ठेवलं. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

ते क्लिनिक पश्चिम उपनगरातच होतं. नाव लिहीत नाही. काचेचा दरवाजा, गार हवा, भिंतीवर हसऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो. डॉक्टर आम्हाला पाचच मिनिटं भेटले. बाकी सगळं बोलणं टाय लावलेल्या एका तरुणाने केलं. पोटावरची थोडी चरबी काढायची, तिच्यातल्या पेशी वेगळ्या करायच्या, त्या पोटरीत टोचायच्या आणि थोड्या सलाईनमधून सोडायच्या. चार वेळा. खर्च तीन लाख साठ हजार. "सेल आपकेही हैं अंकल, बाहर का कुछ नहीं. हमारा बारह साल का तजुर्बा है. सौ में अस्सी को आराम है."

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. तीन लाख साठ हजार. हजसाठी त्यांनी फंडातून बाजूला ठेवलेली रक्कम जवळजवळ तेवढीच होती.

घरी परतताना एस. व्ही. रोडच्या गर्दीत रिक्षा अडकली होती. मी म्हणाले, "अब्बा, थोडं थांबू या. मी जरा चौकशी करते." ते गप्प राहिले. घरी आल्यावर त्यांनी माझ्या टेबलावरचं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक उचललं. मी शाळेत विज्ञान शिकवते. बालभारतीचं २०१८ साली आलेलं पुस्तक, भाग दुसरा. त्यात पेशीविज्ञान आणि जैवतंत्रज्ञानाचा धडा आहे आणि धड्यात मूलपेशींचे उपयोग दिले आहेत. अब्बा उर्दू सफाईने वाचतात. त्यांनी बोट ठेवून मला दाखवलं. रोगामुळे मेलेल्या पेशींच्या जागी मूलपेशी वापरतात, आणि रोगांच्या यादीत मधुमेहाचं नाव.

"हे तूच मुलांना शिकवतेस ना?"

"हो."

"मग मुलांसाठी खरं आणि बापासाठी खोटं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर तो धडा मी पाच-सहा वर्षं शिकवत होते आणि त्या ओळीशी कधी थांबलेच नव्हते. मूलपेशी म्हणजे काय, दोन गुण. उपयोग लिहा, तीन गुण. फळ्यावर मुद्दे लिहायचे, मुलांनी उतरवायचे, पुढचा धडा. पुस्तकाची चूक नाही. पुस्तक एका ओळीत वाट दाखवतं. त्या वाटेवर कोण कुठवर पोचलंय, हे सांगणं शिक्षकाचं काम होतं.

म्हणून मी वाचायला बसले. शाळा सुटल्यावर संगणकाच्या खोलीत, आठ-दहा दिवस.

पहिली गोष्ट कळली ती ही की मूलपेशींचा इलाज थोतांड नाही. आपल्या मुंबईतच, परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलात १९८३ साली देशातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका लहान मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा दिली होती. अस्थिमज्जेत रक्त बनवणाऱ्या मूलपेशी असतात. तो मूलपेशींचाच इलाज. थॅलेसेमियाची कितीतरी मुलं आज त्याच इलाजाने बरी होतात. हे वाचून मी क्षणभर अब्बांच्या बाजूची झाले.

दुसरी गोष्ट पायांचीच. बेंगळुरूच्या स्टेमप्युटिक्स या कंपनीने मूलपेशींपासून औषध बनवलं. पायाच्या रक्तवाहिन्या तुंबून पाय कापायची वेळ येते, त्या आजारासाठी देशाच्या औषध नियंत्रकांनी २०२० साली त्याला परवानगी दिली. पण ते दुखणं रक्तवाहिन्यांचं. अब्बांचं दुखणं मज्जातंतूंचं. दोन्ही पायातलीच, दोन्ही शुगरवाल्यांना होतात, पण एकाची परवानगी दुसऱ्याला चालत नाही. पत्रकात मात्र दोन्हींची मिळून एकच ओळ होती.

मग मज्जातंतूंचं काय? इथेही अगदीच अंधार नाही. मधुमेह केलेल्या उंदरांच्या पायात अस्थिमज्जेतल्या पेशी टोचल्या, तर तंतूंतून जाणाऱ्या संदेशाचा वेग सुधारला, रक्तपुरवठाही वाढला. या पेशी स्वतः मज्जातंतू बनत नाहीत. तंतूंना आणि बारीक रक्तवाहिन्यांना वाढीला मदत करणारी द्रव्यं त्या सोडतात, असं संशोधकांचं म्हणणं आहे. माणसांवरही थोडे प्रयोग झाले, पण थोड्या रोग्यांवर आणि थोड्या दिवसांपुरते. आणि दुखणं मोजायला तर सगळ्यात कठीण, कारण दुखण्याला आशेचं इंजेक्शनही लागू पडतं. नुसतं पाणी टोचून औषध म्हणून सांगितलं, तरी बऱ्याच रोग्यांचं दुखणं काही काळ उतरतं. ते खोटं बोलत नसतात. त्यांना खरंच बरं वाटतं. म्हणूनच निम्म्या लोकांना औषध आणि निम्म्यांना नुसतं पाणी, कुणाला काय दिलं हे ना रोग्याला माहीत ना डॉक्टरला, अशी चाचणी करावी लागते. दक्षिण कोरियाच्या हेलिक्समिथ कंपनीने याच दुखण्यावर जनुकाचं इंजेक्शन बनवलं होतं. तेही पोटरीतच टोचायचं. सुरुवातीच्या छोट्या चाचण्यांत आशा दिसली. २०२४ च्या जानेवारीत मोठ्या चाचणीचा निकाल आला आणि ठरवलेली कसोटी ते इंजेक्शन पार करू शकलं नाही. तेव्हा क्लिनिकमधल्या त्या तरुणाचे शंभरात अस्सी मला आठवले. बाकी शंभर कुठे होते, ज्यांना नुसतं पाणी दिलं?

तिसरी गोष्ट नियमाची. वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ साली मूलपेशींबद्दल राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं काढली. रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणारं प्रत्यारोपण सोडलं, तर मूलपेशींचा वापर फक्त मंजूर आणि नोंदणी झालेल्या चाचणीतच करता येतो. आणि चाचणीत सामील होणाऱ्या रोग्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. पुढे २०२६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने स्वमग्न मुलांच्या बाबतीत हेच सांगितलं, की चाचणीच्या बाहेर असा इलाज विकता येणार नाही. ते प्रकरण मुलांचं होतं, पण मला त्यात अब्बाच दिसले. जिथे माणूस अगतिक असतो, तिथे दुकान आधी पोचतं.

हे सगळं वाचताना एक शब्द माझ्या डोक्यात घुमत होता. तजुर्बा.

मी उर्दूतून शिकले, उर्दूतून शिकवते. प्रयोगशाळेला आम्ही तजुर्बागाह म्हणतो. परीक्षानळीत लिटमस बुडवला की तो तजुर्बा. आणि म्हातारा माणूस आयुष्यात जे शिकला तेही तजुर्बा. मराठीत याचे दोन शब्द आहेत, प्रयोग आणि अनुभव. प्रयोगात अजून उत्तर माहीत नसतं. अनुभवात ते मिळालेलं असतं. उर्दू मला जीव की प्राण आहे, तिला मी दोष देत नाही. वाक्य पुढे-मागे पाहिलं की अर्थ आपोआप कळतो. पण क्लिनिकमधल्या त्या खुर्चीवर तो तरुण "बारह साल का तजुर्बा" म्हणाला, तेव्हा अब्बांनी अनुभव ऐकला. चालू होता तो प्रयोग. आणि त्याची फी अब्बाच भरणार होते.

मी मराठीत का लिहिते, असं आमच्या स्टाफरूममध्ये कधीकधी विचारतात. त्याचं एक उत्तर मला त्या आठवड्यात मिळालं. दोन भाषा असल्या की एकीत लपलेलं दुसरीत दिसतं.

क्लिनिकला मी फोन केला. तीनच प्रश्न विचारले. ही चाचणी असेल, तर देशाच्या चाचण्यांच्या नोंदवहीतला तिचा क्रमांक काय? नैतिक समितीची मंजुरी कुणाची? आणि चाचणी असेल, तर पैसे कशाचे? ही नोंदवही २००७ पासून सगळ्यांना खुली आहे, कुणीही संगणकावर फुकट बघू शकतो. तरुण म्हणाला, "मॅडम, नंबर प्रोसेस में है." मी विचारलं, बारा वर्षं? मग तो म्हणाला, "आप बहुत सवाल करती हैं. अंकल को तकलीफ है, आपको नहीं."

फोन स्पीकरवर होता. अब्बा पलंगावर बसून ऐकत होते. ते माझ्यावरच चिडले. "बरोबर बोलला तो. तुझे पाय जळत नाहीत." आणि तोंड फिरवून भिंतीकडे झोपले. चार दिवस बोलले नाहीत. अम्मी मधल्या मधे दोघांची ताटं वाढत होती.

त्या चार दिवसांत मला एकच प्रश्न खात होता. माझं बरोबर असेलही, पण बरोबर असणं त्यांच्या रात्रीच्या अडीच वाजता कामाचं नव्हतं. इलाज नाही, असं सांगून मी तर झोपी जाणार होते. जागे तेच राहणार होते.

पाचव्या दिवशी मी त्यांच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "अब्बा, एक विचारू? बसमध्ये एखादा म्हणाला, पास आहे पण घरी राहिलाय, तर तुम्ही काय करायचात?"

"तिकीट काढायला लावायचो."

"आणि नाही काढलं तर?"

"पुढच्या स्टॉपला उतरवायचो. घरी राहिलेला पास म्हणजे..." आणि ते थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच हसले. "नंबर प्रोसेस में है," असं त्या तरुणाच्या आवाजात म्हणाले. आमचं भांडण तिथे मिटलं. आग मात्र तशीच होती.

मग आम्ही पालिकेच्या हॉस्पिटलात गेलो. मधुमेहाच्या ओपीडीत दोन तास रांग. तिथल्या डॉक्टरबाईंनी अब्बांना डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक जाड धागा तळव्याला टेकवून दाबायला सुरुवात केली. दहा ग्रॅमचा दाब पडला की तो धागा वाकतो. "लागलं की हो म्हणा, बाबा." अंगठ्याखाली धागा वाकला. अब्बा गप्प. करंगळीखाली वाकला. गप्प. मी समोर उभी होते. त्यांचा चेहरा एखाद्या परीक्षेला बसलेल्या मुलासारखा झाला होता, कान टवकारून वाट बघणारा. धागा वाकत होता आणि ते वाट बघत होते. टाचेला एकदा "हो" म्हणाले, तेव्हा धागा लागलेलाच नव्हता.

रस्त्यातला एकेक खड्डा पाठ असलेली टाच ती. मला बाहेर जाऊन पाणी प्यावं लागलं.

बाई म्हणाल्या, "तुम्ही दुखण्यासाठी आलात, पण मला काळजी दुखत नाही त्या जागेची आहे. जळतंय तिथले तंतू अजून ओरडतायत. गप्प झालेत तिथे खिळा घुसला तरी कळणार नाही." बादली त्यांनी त्याच दिवशी बंद केली. पाय पाण्यात ठेवून कातडी मऊ पडते, भेगा जातात आणि जखम सुरू होते. रक्त तपासलं तर बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व बरंच कमी निघालं. मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ते कमी होऊ शकतं आणि त्यानेही मज्जातंतू खराब होतात. सतरा वर्षांत हे तपासायला आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्याची इंजेक्शनं सुरू झाली. रात्रीची गोळी बदलून दिली, अगदी कमी मात्रेपासून, आणि बजावलं की मनाने बंद करायची नाही. पायांसाठी मऊ रबराची एमसीआर चप्पल, मागे पट्टा असलेली, म्हणजे निसटणार नाही. या सगळ्याचा खर्च क्लिनिकच्या एका खेपेच्या दहाव्या हिश्शाएवढाही झाला नाही.

आणि एक गोष्ट अशी कळली की ती आमच्या घरात आधीपासूनच होती. बाईंनी सांगितलं, रोज पाय धुवा, बोटांच्या बेचक्या बघा, कोरड्या करा. अब्बा म्हणाले, "बाई, पाच वेळा धुतो." वजूला पाय धुणं आलंच, बोटांमधून बोट फिरवणंही आलं. फक्त पुसणं राहत होतं. मशिदीतून ओल्या पायांनीच ते चपलेत पाय घालायचे. आता खिशात एक जुना मऊ रुमाल असतो. मे महिन्यात मशिदीच्या अंगणातली फरशी तापते, तेव्हा ते मोजे घालतात. इशाच्या नमाजनंतर अम्मीचा हातातला आरसा घेऊन पलंगावर बसतात आणि तळवे बघतात. नीट दिसत नाही, मग मला हाक मारतात. गेल्या रमजानमध्ये डाव्या तळव्यात टाचणीचं टोक मीच पाहिलं. त्यांना पत्ताच नव्हता. दोन दिवसांत जखम भरली. आठ दिवस उशीर झाला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही.

आग गेलेली नाही, हेही प्रामाणिकपणे लिहिते. पूर्वी दहापैकी नऊ म्हणायचे, आता चार-पाच म्हणतात. अडीच वाजता कधी उठतात, पण नळ वाजत नाही. खोलीत दोन चकरा मारतात आणि पुन्हा झोपतात. हजचे पैसे बँकेत आहेत. तवाफ व्हीलचेअरवरही होतो, हे त्यांना माहीत आहे. ते मनाला पटवण्याचं काम चालू आहे. बाई म्हणाल्या आहेत, साखर आणखी सहा महिने अशीच राहू द्या, मग फॉर्म भरा.

एखाद्या रात्री मात्र ते विचारतात, "तेव्हा ते इंजेक्शन घेतलं असतं, तर फरक पडला असता का गं?" मी नाही म्हणत नाही. उद्या एखादी खरी चाचणी निघाली, नोंदवहीत क्रमांक असलेली, फी न मागणारी, तर मी स्वतः त्यांना घेऊन जाईन, हे त्यांना सांगितलंय. तोवर माझं उत्तर एवढंच, की अब्बा, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या टायवाल्यालाही नव्हतं. फरक इतकाच की मी तसं सांगतेय.

यंदा दहावीला तो धडा शिकवताना मी त्या ओळीशी थांबले. फळ्यावर तजुर्बा लिहिलं आणि त्याखाली मराठीत दोन शब्द, प्रयोग आणि अनुभव. मुलांना म्हटलं, या यादीतल्या प्रत्येक रोगापुढे दोन्हींपैकी एक लिहा. शेवटच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "टीचर, हे परीक्षेत येणार का?" मी म्हटलं, येणार. कधी येईल ते सांगता येत नाही.